अंगावर धारण करावयाची आरोग्ययंत्रे आणि वैद्याचे रुग्णपरीक्षण

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत रुग्ण चिकित्सालयात येतो तो केवळ लक्षणे घेऊन येत नाही, आकडे घेऊन येतो. मनगटावरील स्मार्टवॉचने दाखविलेली हृदयगती, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा, दंडावर चिकटविलेल्या संवेदकाने दाखविलेली रक्तशर्करा, रात्रीच्या निद्रेचा आलेख असे नानाविध आकडे तो मोबाईलवर दाखवितो आणि विचारतो, "वैद्यराज, हे बरोबर आहे का?" पुण्या-मुंबईपुरती ही गोष्ट राहिलेली नाही. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड येथील बाजारपेठांतून ही यंत्रे सर्रास विकली जातात व गावोगावी पोहोचली आहेत.

या यंत्रांकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या वृत्ती आपल्या व्यवसायात दिसतात. काही वैद्य ती परकी म्हणून दृष्टीआड करतात, तर काही जण यंत्राचा आकडा हेच निदान समजतात. आमच्या मते दोन्ही वृत्ती रुग्णाला सारख्याच घातक आहेत. झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील एखाद्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यास जेथे तास-तास लागतात, तेथे रुग्णास केव्हा पाठवावे हा निर्णय बहुधा प्रथम भेटणारा वैद्य किंवा औषधालय-चालकच घेतो. त्या निर्णयात यंत्राचे स्थान नेमके किती, हे शास्त्राधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्रे काय मोजतात?

शरीरावर धारण करून हृदयाची नोंद घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पाठीवर वाहून नेण्याचे असे यंत्र तयार केले. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आज त्याच नावाने ओळखली जाणारी 'होल्टर' नोंद खिशात मावणाऱ्या यंत्राने होते. ऑक्सिमीटरचे मूळ तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले.

स्मार्टवॉचच्या मागील बाजूस असलेले हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. प्रत्येक स्पंदनाबरोबर त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील रक्ताचे प्रमाण वाढते-घटते आणि त्यानुसार परतणारा प्रकाशही कमी-अधिक होतो. या चढउतारावरून हृदयगती मोजली जाते. ऑक्सिमीटर तांबडा व अवरक्त असे दोन प्रकारचे किरण वापरतो. प्राणवायूयुक्त व प्राणवायूरहित रक्त हे किरण भिन्न प्रमाणात शोषून घेते, त्यावरून शेकडा प्रमाण काढले जाते. दंडावरील शर्करासंवेदक रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील पेशींभोवतीच्या द्रवातील शर्करा मोजतो. म्हणून त्याचा आकडा रक्तशर्करेच्या काही मिनिटे मागे राहतो.

यापैकी कोणतेही यंत्र रोग पाहत नाही. ते प्रकाश, हालचाल किंवा द्रव पाहते आणि त्यावरून आकडा काढते. अर्थात यंत्राचा आकडा हा प्रत्यक्षापेक्षा अनुमानाच्या अधिक जवळचा आहे, आणि अनुमान हेतू शुद्ध असेल तरच शुद्ध असते.

प्रत्यक्षाची आठ बाधक कारणे

विद्यमान वस्तूदेखील इंद्रियांना का दिसत नाही, याची आठ कारणे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगितली आहेत. विद्यार्थिदशेत आपण ती पाठ केली. ही आठही कारणे आजच्या यंत्रांना जवळजवळ जशीच्या तशी लागू पडतात. कोणताही आकडा ग्राह्य धरण्यापूर्वी वैद्याने ती मनात आणावीत.

१) अतिसन्निकर्ष: घड्याळाचा पट्टा फार आवळला असता त्वचेतील रक्तप्रवाह दबतो व नोंद बिघडते.

२) अतिविप्रकर्ष: पट्टा सैल असल्यास संवेदक त्वचेपासून सुटतो व आकडा भरकटतो. बोट ऑक्सिमीटरमध्ये पूर्ण न घातल्यासही हेच घडते.

३) आवरण: नखावरील गडद रंग व गडद मेंदी प्रकाशाला अडथळा करतात. सणासुदीनंतर किंवा लग्नसराईत हे विशेष लक्षात ठेवावे. त्वचेचा वर्ण हेही एक प्रकारे आवरणच होय. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटरने समाधानकारक आकडा दाखविला असताना प्रत्यक्षात प्राणवायू कमी असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट आढळले. उन्हात राबणाऱ्या आपल्या सावळ्या रुग्णांच्या बाबतीत काठावरचा आकडा म्हणून संशयानेच पाहावा.

४) करणदौर्बल्य: संपत आलेला सेल, निकृष्ट संवेदक, मळलेली काच.

५) मनोनवस्थान: आकडा स्थिर होण्यापूर्वीच तो वाचणे. किमान अर्धा ते एक मिनिट वाट पाहावी. रुग्णाचे बोट व पाहणाऱ्याचे मन दोन्ही स्थिर असावीत.

६) समानाभिहार: समान वस्तूंत मिसळल्याने वेगळे न ओळखता येणे. याचे उदाहरण फार महत्त्वाचे आहे. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपलेल्या व्यक्तीच्या रक्तात कार्बन मोनॉक्साईड वायू मिसळतो. सामान्य ऑक्सिमीटरला असे रक्त प्राणवायूयुक्त रक्तासारखेच दिसते. रुग्ण मूर्च्छित असतानाही आकडा ९७-९८ येऊ शकतो.

७) अभिभव: प्रखर प्रकाशात मंद प्रकाश लोपतो. उघड्या उन्हात ऑक्सिमीटर लावू नये. सावलीत लावावा किंवा बोटावर कापड टाकावे.

८) अतिसौक्ष्म्य: हातपाय थंड पडलेले, नाडी क्षीण झालेली, रक्तदाब उतरलेला असता स्पंदन इतके सूक्ष्म होते की यंत्रास ते सापडत नाही. ज्या रुग्णास आकड्याची गरज सर्वाधिक, त्याच्याच बाबतीत यंत्र प्रथम अपयशी ठरते. 'यंत्र आकडाच दाखवीत नाही' हे यंत्र बिघडल्याचे चिन्ह मानून दुसरे यंत्र शोधत बसू नये. प्रथम रुग्णाची नाडी व स्पर्श पाहावा.

नाडी आणि स्पंदनसंख्या

'घड्याळ नाडी दाखविते' असे सर्रास बोलले जाते. वैद्याने तरी हा शब्दप्रयोग विचारपूर्वक करावा. घड्याळाचा संवेदक मनगटाच्या पृष्ठभागी असतो व त्वचेतील सूक्ष्म वाहिन्यांतील रक्ताचा चढउतार मोजतो. वैद्याच्या तीन अंगुली अंगुष्ठमूलाच्या खाली धमनीवर असतात व दाबाची लहर अनुभवतात. घड्याळास स्पंदनांची संख्या व त्यांतील अंतर कळते. गती, बल, काठिन्य, उष्ण-शीत स्पर्श त्यास कळत नाहीत.

बृहत्त्रयीत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र वर्णन नाही. ते शार्ङ्गधरसंहितेत व पुढे भावप्रकाश, योगरत्नाकर या ग्रंथांत येते. म्हणजे आपल्या परंपरेनेही एक नवे परीक्षण कालांतराने स्वीकारले. मात्र ते स्वीकारताना योगरत्नाकरकारांनी नाडीसोबत मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् व आकृती यांनाही स्थान दिले. एकाच परीक्षेवर भिस्त ठेवू नये, हे त्या अष्टविध परीक्षेतून आपोआप शिकविले जाते.

धमनीवरील दाबाची लहर यंत्राने टिपण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातच झाले आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मुंबईची आय.आय.टी. येथील संशोधकांनी 'नाडी तरंगिणी' या प्रणालीवरील शोधनिबंध २००७ साली मांडला. वात, पित्त, कफ या तीन स्थानांवर दाबसंवेदक ठेवून लहरींची नोंद घेणे हे त्यामागील तत्त्व. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही नाडीलहरींच्या विश्लेषणाचे यंत्र विकसित झाले. हे प्रयत्न अभिनंदनीय आहेत. परंतु बाजारातील साधे घड्याळ व त्यासोबतचे मोबाईलमधील अ‍ॅप 'आपली प्रकृती पित्तप्रधान आहे' असे सांगू लागते, तेव्हा त्यामागे असे दाबसंवेदक नसतात. प्रकृतिपरीक्षण हे दशविध परीक्षेतील पहिले अंग आहे व ते प्रश्न, दर्शन, स्पर्शन यांनीच करावयाचे आहे.

घड्याळाचा खरा उपयोग विषम गती सापडण्यात आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ४,१९,२९७ व्यक्तींनी घड्याळ धारण केले. त्यांपैकी २,१६१ जणांना अनियमित स्पंदनाची सूचना मिळाली. ज्या ४५० जणांची पुढे छातीवरील पट्टीने सलग नोंद घेता आली, त्यांतील ३४ टक्क्यांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर आढळली. ही अनियमितता येते-जाते, म्हणून उरलेल्या सर्वांची सूचना खोटी होती असे नव्हे. यातून दोन गोष्टी घ्याव्यात: सूचना आली म्हणजे रोग सिद्ध झाला नाही, आणि सूचना आली असता दुर्लक्ष करता येत नाही. कारण ही थरथर पक्षाघाताचे एक ज्ञात कारण आहे.

अशा रुग्णात वैद्याने श्रवणयंत्राने हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत व त्याच वेळी साहाय्यकाने मनगटावरील नाडी मोजावी. दोहोंत अंतर आढळल्यास किंवा नाडी सर्वथा विषम असल्यास विनाविलंब ई.सी.जी. करवावा. घड्याळ क्षीण ठोके गाळते. त्यामुळे प्रत्यक्षात ९० ठोके असताना ते ५० दाखवू शकते. केवळ घड्याळ पाहून 'हृदयगती मंद' असे ठरवू नये.

आकडा उत्तम, रुग्ण गंभीर

कोविडच्या काळात ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचला. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथकांनी घरोघर जाऊन तापमान व प्राणवायूचे प्रमाण तपासले. सहा मिनिटे चालून पुन्हा मोजणे लोकांना माहीत झाले. धाप न लागताही प्राणवायू घटलेले अनेक रुग्ण यामुळे वेळेवर सापडले, हे या यंत्राचे मोठे श्रेय आहे. तथापि '९५ च्या वर म्हणजे निर्धोक' हा समज त्याच काळात जनमानसात रुजला आणि तो अद्याप गेलेला नाही. आपल्या जिल्ह्यात दोन प्रसंगी हा समज प्राणावर बेतू शकतो.

(अ) पांडुरोग: ऑक्सिमीटर रक्तकणांतील रंजकद्रव्य किती टक्के भरलेले आहे हे सांगतो. ते रंजकद्रव्य मुळात किती आहे, हे सांगत नाही. दहा घागरींऐवजी चारच घागरी असल्या आणि त्या काठोकाठ भरल्या, तरी यंत्र 'पूर्ण भरलेले' असेच म्हणेल. आमच्याकडे आलेल्या एका ३४ वर्षांच्या शेतमजूर स्त्रीस अल्प श्रमाने श्वास, हृद्द्रव व शोथ होता. घरच्यांनी ऑक्सिमीटर लावून ९८ आकडा पाहिला व आठ दिवस घरीच ठेवले. नेत्र, नख व जिव्हा पांढुरकी होती. तपासणीत हिमोग्लोबिन ५.४ आले. तिला त्याच दिवशी रक्त देण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले. येथे निदान नेत्रांच्या दर्शनाने झाले, यंत्राने ते लांबविले होते.

विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. या रुग्णांत ऑक्सिमीटरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी किंवा अधिक येऊ शकतो. म्हणून त्या रुग्णाचा निरोगी काळातील नेहमीचा आकडा लिहून ठेवावा व आजारपणात त्याच्याशी तुलना करावी. छातीत वेदना, ज्वर व श्वास ही लक्षणे एकत्र दिसल्यास आकडा काहीही असो, रुग्ण पाठवावा.

(आ) फवारणीचा हंगाम: जुलै ते ऑक्टोबर २०१७ या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या घटनांनी देशाचे लक्ष वेधले. दर खरिपात हा धोका पुन्हा उभा राहतो.

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत नाडी मंद असू शकते व वेगवानही असू शकते. दोन्ही परिणाम संभवत असल्याने एखाद्या क्षणी घड्याळ ७८ असा 'उत्तम' आकडा दाखवील. प्राणवायूचे प्रमाणही प्रारंभी प्राकृत राहते. श्वसनाचे स्नायू थकल्यावर किंवा फुफ्फुसांत स्राव साठल्यावर ते एकाएकी कोसळते. तोवर बहुमोल वेळ निघून गेलेला असतो. म्हणून फवारणी करून आलेल्या व्यक्तीत यंत्राकडे न पाहता पुढील लक्षणे पाहावीत: अतिस्वेद, लालास्राव, अश्रुस्राव, छर्दी, अतिसार, उदरशूल, स्नायूंचे स्फुरण, दृष्टी अंधुक होणे व नेत्रांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या लहान होणे. यांपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसताच स्वतः हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरवावेत, साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व कीटकनाशकाची बाटली अथवा तिच्यावरील चिठ्ठी रुग्णासोबत द्यावी. वमन, घृतपान यांत वेळ दवडू नये.

उपशय म्हणून नोंद

यंत्राचे बलस्थान एका आकड्यात नाही, आकड्यांच्या मालिकेत आहे. निदानपंचकाच्या भाषेत बोलावयाचे तर एकटा आकडा हे रूपाचे एक दुबळे लिंग होय. परंतु आहार, विहार व औषध यांपूर्वी आणि नंतर घेतलेल्या नोंदी उपशय-अनुपशयाचे काम करतात. नाडीपरीक्षा ज्याप्रमाणे प्रातःकाळी, रिक्तकोष्ठी करावी व भोजन, स्नान, व्यायाम यांनंतर लगेच करू नये, त्याचप्रमाणे नोंदही रोज एकाच वेळी, बसून, रिकाम्या पोटी घ्यावयास सांगावी.

औषधयोजनेत याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, श्वासकुठार इत्यादी वत्सनाभयुक्त रसकल्प देताना नाडी मंद वा विषम होत नाही ना, जिव्हेस व ओठांस बधिरता, मुंग्या येत नाहीत ना, हे पाहणे आवश्यक असते. याउलट सोमलतायुक्त योगांनी हृदयगती व रक्तदाब वाढू शकतो. ज्या रुग्णाकडे घड्याळ आहे, त्यास औषधापूर्वीच्या तीन दिवसांच्या व नंतरच्या नोंदी आणावयास सांगितल्यास मात्रा ठरविण्यास मदत होते. हृदयगती कमी करणारी आधुनिक औषधे चालू आहेत का, हे अवश्य विचारावे, कारण ती ज्वरातही गती वाढू देत नाहीत.

प्रमेही रुग्णाने दंडावर संवेदक लावला असेल, तर तांदळाचा भात व ज्वारीची भाकरी, भोजनोत्तर निद्रा व शतपावली यांतील फरक त्यास स्वतःच्याच आलेखावर दाखविता येतो. उपदेशापेक्षा हा परिणाम अधिक टिकतो. मात्र क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही संवेदकांचा आकडा खोटा वाढतो. अशा गोळ्या किंवा आमलकीचा रस अधिक मात्रेत घेणाऱ्यास त्याची कल्पना द्यावी. घाम सुटणे, थरकाप, भ्रम ही लक्षणे असता संवेदकावर विसंबून न राहता बोटातील रक्ताने तपासावे.

व्यायामाबाबत एक सूचना. रोज १०,००० पावले हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो शास्त्रीय प्रमाण म्हणून जन्मास आलेला नाही. आपल्या आचार्यांनी अर्धशक्तीचा व ऋतूचा निकष दिला. मे महिन्यात यवतमाळचे तापमान ४४ अंशांच्या आसपास जाते तेव्हा, 'आजची पावले अपुरी' असे घड्याळ सांगते म्हणून दुपारी चालणारा मनुष्य उष्माघाताकडेच चालतो. कपाळावर घाम, मुखशोष व मुखाने श्वास घ्यावा लागणे ही खूण दिसताच थांबावे. खर्च झालेल्या ऊर्जेचे आकडेही विश्वसनीय नसतात. २०१७ च्या एका अभ्यासात सात यंत्रांपैकी सर्वांत अचूक यंत्राची चूकही सुमारे २७ टक्के होती. निद्रेच्या नोंदीतील एकूण तास बहुधा उपयोगी पडतात, निद्रेचे टप्पे मात्र स्थूल अंदाज समजावेत.

औषधालय-चालकांसाठी

१) रक्त न काढता, त्वचा न छेदता केवळ घड्याळाने किंवा अंगठीने रक्तशर्करा मोजण्याचा दावा करणारी यंत्रे विकू नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आहे. खोट्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरविली गेल्यास जीव जाऊ शकतो.

२) १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने 'औषध' या व्याख्येत आली आहेत. वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव व परवाना क्रमांक पाहूनच माल घ्यावा.

३) आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस वेगळा विक्री-परवाना लागत नसल्याने अनेक औषधालयांकडे तो नसतो. वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीसाठी मात्र २०२२ च्या दुरुस्तीने एम.डी.-४२ नमुन्यातील नोंदणीची तरतूद झाली आहे. ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक ठेवणाऱ्यांनी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडून आपली स्थिती तपासून घ्यावी.

४) रक्तदाबासाठी मनगटी घड्याळाऐवजी दंडावर पट्टा बांधण्याचे यंत्र सुचवावे.

५) ऑक्सिमीटर विकताना ग्राहकाच्या निरोगी स्थितीतील आकडा त्याच्यासमोर घेऊन खोक्यावर लिहून द्यावा. पुढे वैद्यास तो उपयोगी पडतो.

६) रुग्णाचे आकडे, आलेख त्याच्या नावासह कोणत्याही मोबाईल-समूहावर टाकू नयेत.

सारांश

यंत्राचा आकडा आणि रुग्णाची लक्षणे परस्परांशी जुळत असतील तर आकडा साहाय्यक मानावा. आकडा वाईट व रुग्ण स्वस्थ असेल, तर आठ बाधक कारणे तपासून पुन्हा मोजावे, आणि तरीही आकडा कायम राहिल्यास त्याची उपेक्षा न करता रुग्ण पुढे पाठवावा. आकडा चांगला व रुग्ण अस्वस्थ असेल, तर रुग्णावर विश्वास ठेवावा. या तीन वाक्यांपैकी तिसरे सर्वाधिक महत्त्वाचे आहे, कारण वाईट आकडा मनुष्यास वैद्याकडे धाडतो, चांगला आकडा मात्र त्यास घरी बसवितो.

येत्या फवारणीच्या हंगामापूर्वी प्रत्येक सभासदाने विषबाधेची वर दिलेली लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी भागी लावावीत आणि ऑक्सिमीटर नेण्यास येणाऱ्या प्रत्येकास ती वाचून दाखवावीत, ही विनंती.

इत्यलम्.